मौद्यापलीकडची गोरखमुंडी

ही वही ज्याच्या हाती पडेल त्याने आधी माझ्या अक्षराला माफ करावे. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हा गुरुजींच्या धाकाने बरोबर यायचे, धाक गेला तसे तेही गेले. आणि अक्षर ओळीवर सुरू होते, पण उताराला लागलेल्या बंडीसारखे खाली खाली जाते. वही जरा तिरपी धरून वाचली तर बरे पडेल.

लोक काशी-रामेश्वर करून आले की लिहितात. मी गेले ती नागपूरहून मौद्याला आणि तिथून दोन कोस पायी, माझ्या माहेरी. जाऊन-येऊन तीन दिवस. तरी लिहावेसे वाटले, कारण ज्या झाडाला तुडवत मी लहानपणी रोज शाळेत गेले, ते झाड मला चौतिसाव्या वर्षी ह्या तीन दिवसांत पहिल्यांदा दिसले. हे तोंडाने कुणाला सांगायला गेले तर जमत नाही. चार माणसे समोर बसली की माझा आवाज घशातच राहतो. वहीपुढे तसे होत नाही.

जाण्याचे कारण

आम्ही सक्करदऱ्याला राहतो. हे कोराडीच्या वीजघरात कामाला आहेत, पहाटेच्या बसने जातात आणि संध्याकाळी राखेचा खोकला घेऊन येतात. त्या खोकल्याच्या औषधासाठी आम्ही दिवाळीनंतर इतवारीतल्या एका वैद्यांकडे गेलो होतो. तिथे एक माणूस तराजूत बोराएवढी गोल, करडी बोंडे मोजत होता. मी ह्यांच्या कानाशी म्हटले, "हे तं आमच्या धानाच्या बांध्याइत पडलेलं असते." मी म्हटले ते ह्यांच्यासाठी. पण ह्यांनी ते साऱ्या दुकानाला ऐकवले.

वैद्यजी चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "गोरखमुंडी हाये ही. आणून द्याल काय?"

मी मान हलवली. त्यांनी साठ रुपये आगाऊ दिले आणि वहीत माझे नाव लिहिले.

मी गेले नाही. काकूला पत्र टाकले आणि गावचा एक माणूस शहरात आला होता त्याच्याबरोबर साठ रुपये पाठवून दिले. पार्बताकाकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. काकू, तिच्या शेजारची यमुना आणि आणखी दोघीजणींनी बोंडे खुडली, अंगणात वाळवली, आणि संक्रांतीच्या आधी दोन पोती बसच्या टपावरून माझ्या दारात आली. आमच्याकडे असे काम कुडवाने, म्हणजे धान मोजायच्या मापाने, मोजतात. जिने जितके कुडव भरले तितके तिचे पैसे. पैसे तेव्हाच वाटून झाले होते. मी पोत्याचे तोंडही न उघडता ती रिक्षात घालून दुकानात नेली. सगळ्या गोष्टीत चूक कुठे झाली म्हणाल तर इथे.

वैद्यजींनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर माल काढून कागदावर पसरला आणि एकेक बोंड उलटे केले. मग म्हणाले, "बाई, हे कोणी खुडलं?"

"काकूनं," मी म्हटले. ते त्यांना ऐकू गेले नाही. ह्यांनी पुन्हा सांगितले.

"मंग तुमच्या काकूनं दोन झाडं एका पोत्यात भरली. हे पाहा. हे बोंड सगळ्या अंगानं गोल हाये. ही मुंडी. अन् हे बुडाशी चपटं हाये, खाली वाटीसारखं हाये. हे येगळं झाड हाये."

"मले तं दोन्ही एकच दिसते," हे म्हणाले.

"वाळल्यावर एकच दिसते. म्हणून तं लोकं फसते. दोन पोते मी एकेक बोंड उलटं करत बसू काय? लोकं माझा अर्क डोळ्यात घालते, भाऊ. ह्याच्यात अंदाजानं काम नाही चालत."

त्यांनी सांगितले की पुढच्या मंगळवारी ते अर्काची भट्टी लावणार आहेत. तोवर खरा माल आणायचा, आणि ह्या वेळी झाड मुळासकट दाखवायचे. नाहीतर साठ रुपये परत करायचे, आणि पुढच्या सालापासून ते बालाघाटकडच्या माणसाकडून माल घेतील.

घरी येताना हे म्हणाले, "दे सोडून. दर महिन्याले पगारातून पाच-पाच देऊ." ह्यांचे मन मोठे आहे, पण माझ्या डोक्यात दुसरेच चालले होते. साठ रुपये कसेही फिटले असते. पण धान निघाल्यावर गावात बायांच्या हाताला काम नसते. यमुनाने पत्र लिहवून कळवले होते की पुढच्या साली आम्ही आठ जणी खुडू. ह्या दुकानाने माल घेणे बंद केले की ते काम गेले. आणि मी काय सांगणार होते त्यांना? तुम्ही मला खोटा माल दिला? जिने मला चालायला शिकवले तिला?

शनिवारी सकाळी मी दोन रिकामी पोती, एक डालड्याचा डबा आणि ह्यांनी दिलेले दहा रुपये घेऊन एकटी निघाले. लग्नानंतर एकटी पहिल्यांदाच.

शनिवार, मौदा आणि पुढे

बसचे काय सांगायचे, बस ती बस. पण कन्हान नदीच्या पुलावर आली की मी नेहमी खिडकीशी सरकते. पाणी एका बाजूला सरकले होते आणि वाळूत मासे धरणाऱ्या ढिवरांनी टरबुजाच्या वाड्या लावायला घेतल्या होत्या. बाया ओंजळीने एकेका खड्ड्यात पाणी घालत होत्या. शहरात नळ आला तर आम्ही भांडतो, इथे नदीतच माणसे पाणी मोजून घालतात.

मौद्याला उतरून चहा घेतला. उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेतल्या आणि खात खात पायवाटेला लागले. दोन्ही बाजूंनी जवसाला निळी फुले होती. पुढे एका शेतात मी थबकले. सगळे शेत पिवळे, आणि माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ताटल्यांएवढी फुले. सूर्यफूल मी बागेत एखाददुसरे पाहिले होते, शेत कधी पाहिले नव्हते. आमच्या भागात ते नवीनच पीक आहे. मधल्या माळ्यावर एक म्हातारी पत्र्याचा डबा वाजवत राघू हाकलत होती.

"काय वं, काय पाहून राहिली अशी? कधी फूल पाह्यलं नाही काय?"

ती खाली उतरली आणि राघूंनी अर्धे खाल्लेले एक फूल माझ्या हातात दिले.

"एवढं मोठं फूल," मी म्हटले.

"एक म्हणतं काय? डोळे हायेत का बटन?" तिने नखाने मधला भाग उकरला. "हे पाह्य. एकेक दाणा म्हणजे एकेक फूल. हजार फुलं बसले हायेत एका थाळीत. सरकारी माणूस सांगून गेला आमाले. म्हणे ह्याच्या कुळातले लय झाडं आपल्याच धुऱ्यावर उगवते, आपल्याले मालूम नाही."

मी ते फूल पिशवीत घातले. माझ्या मनात तेव्हा काही आले असे नाही. फक्त छान वाटले म्हणून घेतले.

घरी पोचले तेव्हा काकू अंगणात बसून लाखोळीची भाजी खुडत होती. लाखोळीचे कोवळे शेंडे खुडून वाळवतात आणि वर्षभर पुरवतात. माझ्या पावलाच्या आवाजावर तिने मान वर केली.

"कुसुम होय ना? चप्पल वाजून राहिली शहराची."

"हाव, काकू."

"पोट्टे कुठी हायेत? जावई कुठी हाये? एकटी काहून आली? भांडून तं नाही आली?"

"नाही वं काकू. कामानं आली."

"मंग काम मंगा सांगजो. आधी जेव."

शहरात कुणी काम घेऊन आले की दारातच विचारतात, काय काम? इथे पाणी, चहा, जेवण आणि पानसुपारी होईपर्यंत काम विचारणे वाईट दिसते. मला त्या रीतीचा एरवी फार आधार वाटतो, पण त्या दिवशी एकेक घास जड गेला. भात होता, झिंग्याची चटणी होती, लाखोळीच्या डाळीचे वडे होते. काकू म्हणाली, "काहून चिवडून राहिली? शहरात काय सोनं खातं काय?"

यमुना आली. माझ्याच वयाची, मोठ्या आवाजाची, मला लहानपणापासून चिडवणारी. येतानाच म्हणाली, "काय वं शेठानी, आणखी पोते पाहिजे वाटते?"

मग मला सांगावे लागले. कसे सांगितले ते आठवत नाही. पिशवीतून वैद्यजींनी दिलेली दोन बोंडे काढून चुलीपुढे ठेवली, एक गोल आणि एक चपटे, आणि म्हटले, "हे एक आपलं नाही."

यमुनाने दोन्ही उचलून दिव्याशी धरली. तिचा आवाज चढला. "आम्ही चोर काय? बांधीतून खुडलं, तुह्या काकूच्या अंगणात वाळवलं. वाट्टेल तर त्या दोघीले बलाव. आमच्या हातानं दुसरं गेलं असन तं हात तोडून देतो."

"मी तुले काही म्हटलं नाही, यमुना."

"तू कधी काही म्हणतच नाही. तोच तं वांधा हाये तुहा."

काकू चुलीतली लाकडे सारखी करत राहिली. मला वाटले तिला राग आला.

रविवार, बांधीत आणि बोडीवर

सकाळी यमुना स्वतःच विळा घेऊन आली. रागावली होती तरी आली. "चाल, दाखवतो तुले कुठून खुडलं ते." मी आणि ती निघालो तर काकूही काठी घेऊन मागे.

"तुम्ही कुठी येता काकू?"

"काहून, माह्या पायाले मेहंदी लागली काय?"

धान कापून झालेल्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते, सुकल्या होत्या. जिथे लाखोळी पेरली नव्हती तिथे ढेकळांमधून ते झाड उगवले होते. वीतभर उंच, बुंध्यापासूनच फाटे फुटलेले, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला जांभळे गोल बोंड. दुरून पाहिले तर बांधीवर जांभळा रंग शिंपडला आहे असे वाटते. लहानपणी आम्ही ह्याच्यातून पळायचो आणि पायांना जो वास लागायचा तो संध्याकाळी गोठ्यात गेलो तरी जायचा नाही. पण मी कधी वाकून पाहिले नव्हते.

"हेच खुडलं," यमुना कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आता सांग, हे खोटं हाये?"

मी एक बोंड सूर्यफुलासारखे नखाने उकरले. ते एक फूल नव्हते. बारीक बारीक फुलांचे गठ्ठे, आणि तसे पुष्कळ गठ्ठे मिळून एक गोळी. मला एकदम त्या म्हातारीचे म्हणणे आठवले. मी यमुनाला दाखवले. तीही वाकली. आम्ही दोघी ढेकळांत बसून शेंगा सोलाव्यात तशी बोंडे फोडत होतो. राग कुठे गेला ते तिला कळले नाही.

"अन् मंग चपटं कुठून आलं?" ती म्हणाली.

आम्ही धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून, बोडीपर्यंत गेलो. बोडी म्हणजे आमच्याकडचे लहान तळे. पाणी आटत आटत मागे सरकते आणि काठाला मऊ काळी माती उघडी पडते. त्या मातीवर दुसरेच झाड पसरले होते. जमिनीला टेकलेले, आणि त्यालाही गोल बोंडे, पण पिवळी. मी घाईने पुढे गेले आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतले. पाय काढला तो चपलेशिवाय. यमुना हसून हसून खाली बसली. "घे, शहराची चप्पल बोडीनं खाल्ली!" आम्ही हात घालून शोधली, सापडली नाही.

मी तसेच एक पिवळे बोंड तोडून उलटे केले. बुडाशी चपटे, खाली हिरवी वाटी. हुबेहूब लहानसे सूर्यफूल, फक्त कडेच्या पाकळ्या नसलेले. वैद्यजींचे दुसरे झाड हेच.

"पण इकडं आम्ही आलोच नाही," यमुना म्हणाली. "एवढ्या गाऱ्यात कोण येईन खुडाले?"

"मी आली होती," काकू म्हणाली.

ती आमच्या मागे काठीवर उभी होती. बोलताना माझ्याकडे पाहत होती, पण थोडी बाजूला, माझ्या खांद्याच्या पलीकडे.

"बांधीत ढेकळं लागते पायाले. मी पडली एकदा. इथं माती मऊ हाये. बसल्या बसल्या सरकता येते. हाताले गोल लागलं का खुडलं."

"पण काकू, हे पिवळं हाये ना. ते जांभळं."

"रंग पाहून मले दोन साल झाले, बाई."

आदल्या दिवशी ती भाजी खुडत होती ती हातानेच, आणि मला ओळखले ते चपलेवरून.

यमुनाचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "मंग सांगायचं नाही काय, काकू?"

"सांगितलं असतं तं तुम्ही मले खुडाले नेलं असतं काय? म्हटलं असतं, बस घरी, म्हातारे. अन् मंग माहे पैसे कोणं दिले असते?" मग माझ्याकडे तोंड करून, "चूक माही हाये. पैसे खर्चून गेले. पण घरी नको बसवू मले."

माझ्या हातात दोन्ही झाडे होती, मुळासकट उपटलेली. मी ती तिच्या हातात दिली. काकूने काठी काखेत धरली आणि मुंडीचे झाड बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपले. बोंडावरून उतरून तिची बोटे दांडीवर आली आणि थांबली.

"हे काय हाये?"

"काय?"

"हिच्या दांडीले झालर हाये. पोलक्याच्या बाहीले लावते तशी. दातं दातं लागते."

मी वाकून पाहिले. खरेच. पान दांडीला जिथे लागते तिथे संपत नाही. त्याची हिरवी कड दांडीवरून खालपर्यंत पट्टीसारखी उतरत जाते, कडेला बारीक दाते. डोळे असून मला आणि यमुनाला ते दिसले नव्हते. मग काकूने दुसरे झाड चाचपले. "हिची दांडी साधी. झालर नाही. पान फाटलं फाटलं हाये." तिने दोन्ही हात नाकाशी नेले. "अन् हा हात चिकट, वास मारते. हा तेवढा नाही."

"मंग खुडताना काहून नाही समजलं?" यमुनाने विचारले.

"दांडीले कोण हात लावते वं खुडताना? वरचं बोंड घेतलं का टोपल्यात."

तिथे सगळा उलगडा झाला. बोंड एकटे झाडापासून निघाले की त्याची ओळख झाडावरच राहते. आम्ही सगळ्याजणी वर्षानुवर्षे नुसती बोंडे खुडत आलो, कारण कुडव बोंडांनी भरतो, दांड्यांनी नाही.

यमुनाला इतक्यावर राहवेना. तिने काकूला बांधाच्या कडेला बसवले आणि मागून एकेक झाड हातात देऊ लागली. "मुंडी," काकू म्हणायची, किंवा "बोडीवाली." एकदा यमुनाने बोंडे तोडून नुसती काडी दिली. काकूने बोटे फिरवली आणि म्हणाली, "मुंडी. अन् बोंडं तोडून काहून देतं, चावट?" एकदा गवताची काडी दिली तर काकूने ती तिच्याच अंगावर फेकली. एकही चुकले नाही.

मग आम्ही ठरवले की ह्यापुढे बोंडे खुडायचीच नाहीत. पूर्ण झाड उपटायचे, जुडी बांधायची, आणि जुडी काकूच्या हाताखालून गेल्याशिवाय पोत्यात जाणार नाही. काकूला पैसे तपासण्याचे. यमुना म्हणाली, "कुडवाचं काय?" मी म्हटले, "जुडीनं मोजू." माझ्या तोंडून एवढे ठाम काही निघेल असे मला वाटले नव्हते. यमुनाने माझ्याकडे पाहिले, आणि ह्या वेळी चिडवले नाही.

ज्याची बांधी होती तो शेतकरी बैल घेऊन आला. आम्हाला वाटले ओरडेल. तो म्हणाला, "न्या, न्या. मुळासकट न्या. माहं शेत मोकळं होते." काकूनेच अडवले. "सगळं नको नेऊ वं. धुऱ्यावरचे राहू द्या. उन्हाळ्यात ते मरते, बी सांडते, अन् पाण्यापावसानंतर आपलं आपलं येते. कोणी पेरत नाही त्याले. आपणच बी नेलं तं पुढच्या साली काय उपटान?"

संध्याकाळपर्यंत चौघी-पाच जणींनी तेहतीस जुड्या बांधल्या. काकूने त्यांतल्या दोन बाजूला काढल्या. उघडून पाहिले तर एकीत एक काडी बोडीवाली होती, दुसरीत तर नुसतेच कसलेसे तण.

सोमवार, परत

मौद्यापर्यंत यमुनाचा नवरा बंडीतून सोडायला आला. मी अनवाणी. मौद्याच्या बाजारात चप्पल घ्यायला दहातले पैसे उरले नव्हते, आणि मला लाज वाटेल असे वाटले होते ती वाटली नाही. कुणीच माझ्या पायांकडे पाहत नव्हते.

पोती टपावर गेली. डालड्याच्या डब्यात मी दोन्ही झाडे मातीसकट रोवून मांडीवर घेतली होती. पुलाच्या अलीकडे बस उसळली आणि डब्यातले पाणी शेजारच्या गृहस्थांच्या स्वच्छ धोतरावर गेले. मी मेल्याहून मेले. ते म्हणाले, "बाई, काय हाये हे? वास कशाचा हाये?"

कंडक्टर वळून म्हणाला, "झाडाचं तिकीट काढलं काय, बाई?"

सगळी बस हसली. मी खाली पाहिले. मग काय झाले कोण जाणे, मी म्हटले, "गोरखमुंडी हाये. औषधी हाये. हात लावून पाहा, दांडीले झालर हाये." त्या गृहस्थांनी खरेच बोट फिरवले. मागच्या बाईने मागितले. डबा चार बाकांवरून फिरून परत आला, आणि धोतरावरच्या डागाचे कुणी नाव काढले नाही.

इतवारीत उतरून रिक्षाने दुकानात गेले. हे कामावर होते, माझ्यासाठी बोलायला कुणी नव्हते. दुकानात सात-आठ गिऱ्हाइके. मी डबा फळीवर ठेवला.

वैद्यजींनी दोन्ही झाडे पाहिली. "हे बरोबर. अन् हेच ते दुसरं. दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातले, म्हणून चेहरा मिळते." मग त्यांनी पोते सोडायला लावले. "पण मले कसं समजावं की सगळ्या जुड्या ह्याच्याच हायेत? तुम्ही ओळखता काय स्वतः?"

"हाव."

त्यांनी आतून एक पेंढी आणली, त्यात काय काय मिसळलेले होते, आणि माझ्यापुढे ठेवली. सगळी गिऱ्हाइके वळून पाहू लागली. माझे कान गरम झाले, समोरचे दिसेना. म्हणून मी डोळेच मिटून घेतले. डोळे मिटले की माणसे नसतात. पेंढीतली एकेक काडी बोटांत धरून वरून खाली आणली. झालर लागली की उजवीकडे, नाही लागली की डावीकडे. काकूची बोटे जशी चालली होती तशी माझी चालत होती. संपल्यावर डोळे उघडले तर वैद्यजी दोन्ही ढीग चाळत होते. त्यांनी एकही काडी इकडची तिकडे केली नाही.

"डोळे मिटून कोणी शिकवलं?"

"काकूनं. तिले दिसत नाही."

"मंग पहिली चूक त्यांची होती."

"माही होती," मी म्हटले. "मी पोतं न उघडता आणलं."

मग त्यांनी विचारले, काकूचे वय काय, डोळ्यात पांढरे दिसते का. मी सांगितले. ते म्हणाले, "हा मोतीबिंदूचा पडदा असन. माह्या अर्कानं हे जाणार नाही, उगाच पैसे नका घालू. मोठ्या दवाखान्यात दाखवा. ह्याचं आपरेशन होते." दुकानात बसून आपलेच औषध घेऊ नका म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. काकू होळी झाली की आमच्याकडे येणार आहे. ती म्हणते, आपरेशन करीन, पण मुंडी तरी हातानंच तपासीन.

मंगळवारी भट्टी लागली ती आमच्या जुड्यांनी.

नंतर

दांडीसकट माल, म्हणून भाव थोडा कमी मिळाला. वैद्यजींशी मी ठरवून घेतले की प्रत्येक खेपेचे अर्धे पैसे बायांना रोख द्यायचे आणि अर्धे माझ्या आगाऊ रकमेपोटी कापायचे. हे मीच बोलले, हे नुसते शेजारी उभे होते. पहिल्या खेपेत चौदा रुपये कापले गेले. दुसरी खेप माघात आली, वाळवलेली, तेव्हा बावीस. तिसऱ्या खेपेला यमुना स्वतः पोती घेऊन आली आणि दुकानात पाऊल ठेवल्या ठेवल्या वैद्यजींना म्हणाली, "तपासून घ्या बाप्पा, नाहीतर आमची शेठानी अनवाणी येते तुमच्या दारी." तेव्हा सोळा.

चौथी खेप लहान होती. ऊन तापले होते आणि बांध्यांतली झाडे करपून बी सांडायला लागली होती. काकूने निरोप धाडला होता की ह्या साली आता बस. मी एकटीच एक पोते घेऊन गेले. वैद्यजींनी वजन केले, भाव लावला, अर्धे पैसे बायांचे म्हणून माझ्या हातात मोजून दिले. मग वहीतले माझे पान काढले. शेवटचे आठ रुपये उरले होते. त्यांनी ते जमा लिहिले, साठ ह्या आकड्यावर आडवी रेघ मारली आणि वही माझ्याकडे फिरवली.

मी चारही आकड्यांची मनात बेरीज केली. बरोबर होती. पैसे पूर्ण फिटले.